‘गो बॅक’ : एका इंग्रजी क्रियापदाची हकीकत

इंग्रजी शिकूं लागलेल्या मराठी मुलास पहिला धाक वाटतो तो स्पेलिंगाचा. परंतु खरी अडचण पुढेंच असते. ‘गो’ म्हणजे जाणें आणि ‘बॅक’ म्हणजे पाठ, एवढें घोकलें म्हणजे ‘गो बॅक’चा अर्थ हातीं लागला असें त्यास वाटतें. तो लागत नाहीं. इंग्रज आपल्या साध्या क्रियापदामागून एक लहानसें अव्यय ठेवतो, आणि त्यासरशी क्रियापदाची चाल पार बदलून जाते. मराठीस हा प्रकार अगदींच परका आहे असें मात्र नव्हे. ‘देणें’ आणि ‘देऊन टाकणें’, ‘जाणें’ आणि ‘निघून जाणें’ यांतील अंतर दाखविण्यास मराठी माणूस दुसरें क्रियापद जोडतो. इंग्रज अव्यय जोडतो. युक्ति निराळी, हेतु एकच.

‘गो बॅक’ हे शब्द हिंदुस्थानांत व्याकरणाच्या पुस्तकांतून नव्हे, तर रस्त्यांतून पसरले. १९२७ च्या नोव्हेंबरांत ब्रिटिश सरकारनें सर जॉन सायमन यांच्या अध्यक्षतेखालीं सात सभासदांचें एक कमिशन नेमलें. हिंदुस्थानास पुढें कोणते राजकीय हक्क द्यावे याची शिफारस त्यानें करावयाची. आणि सातांत हिंदी माणूस एकही नव्हता. ३ फेब्रुवारी १९२८ रोजीं हें कमिशन मुंबईस उतरलें, तेव्हां काळीं निशाणें आणि ‘सायमन, गो बॅक’ ही आरोळी यांनीं त्याचें स्वागत झालें. ही घोषणा युसुफ मेहेरअली या तरुण कार्यकर्त्याची, असें मानलें जातें. लखनौस तर हे शब्द पतंगांवर लिहून मेजवानीच्या जागेवर उडविण्यांत आले. लाहोरास मात्र प्रकरण रक्तावर गेलें. ३० ऑक्टोबर रोजीं तेथें लाठी चालली, लाला लजपतराय जखमी झाले आणि १७ नोव्हेंबरला त्यांचा अंत झाला.

इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसाच्या तोंडींही हे शब्द बसले. ते आटोपशीर होते, आणि ज्यास सांगावयाचें त्यास दुभाष्यावांचून समजत होते. मराठींत तेंच सांगूं गेल्यास पंचाईत होते. ‘परत’ या शब्दाचा अर्थ ‘माघारी’ होतो, तसा ‘पुन्हां’ असाही होतो. ‘परत एकदां जाऊन ये’ म्हणणारी आई मुलास माघारी धाडीत नसते. ‘मागें जा’ म्हणावें तर चार पावलें सरून उभे राहा, असा अर्थ निघतो. आणि सायमनसाहेबांस चार पावलें सरावयास कोणीच सांगत नव्हतें! ‘आल्या पावलीं माघारी जा’ हें खरें मराठी. अर्थ बिनचूक, पण हजारों कंठांतून एका दमांत निघावें असें तें वाक्य नव्हे.

विलायतेंत हें क्रियापद अगदीं निरुपद्रवी आहे. विसरलेली छत्री आणावयास माणूस ‘गो बॅक’ करतो, सुट्टी संपली कीं कामावर ‘गो बॅक’ करतो. १९१६ पासून तर तेथें उन्हाळा सरला कीं घड्याळेंही एक तास ‘गो बॅक’ करूं लागलीं. एखादें घराणें किंवा जुनी मैत्री अमुक सालापर्यंत मागें जाते, असेंही याच शब्दांनीं सांगतात. आणि पुढें ‘ऑन’ हें आणखी एक अव्यय जोडलें कीं अर्थ होतो दिलेला शब्द फिरविणें. २० ऑगस्ट १९१७ रोजीं भारतमंत्री माँटेग्यू यांनीं पार्लमेंटांत हिंदुस्थानास टप्प्याटप्प्यानें जबाबदार राज्यपद्धति देण्याचें आश्वासन दिलें होतें. त्यानंतर दहा वर्षांनीं हिंदी माणसास वगळून कमिशन यावें, हें शब्द फिरविण्यासारखेंच लोकांस वाटलें. ज्यांनीं एका अर्थानें ‘गो बॅक’ केलें, त्यांस दुसऱ्या अर्थानें तें करावयास सांगितलें गेलें.

नंदुरबारचा इंग्रजांशीं संबंध १६६६ पर्यंत मागें जातो. त्या सालीं त्यांनीं येथें वखार घातली. राज्य आलें तें १८१८ सालीं. १९४२ मध्यें हें गांव पश्चिम खानदेश जिल्ह्यांत होतें. स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण तें १ जुलै १९९८ रोजीं झालें. अहिराणी, गुजराती, मराठी आणि सातपुड्यांतील भिली बोली येथल्या बाजारांत एकत्र कानीं पडतात.

त्या १९४२ सालीं शब्दाचा प्रश्न पुन्हां उठला. ‘गेट आउट’ हे शब्द कोणी सुचविले, ते गांधीजींनीं असभ्य म्हणून नाकारले, आणि मेहेरअलींचे ‘क्विट इंडिया’ हे शब्द त्यांस पसंत पडले, अशी हकीकत सांगतात. ‘गेट आउट’ला मराठींत ‘चालते व्हा’ हा चपखल प्रतिशब्द आहे. दारांतल्या आगंतुकास तो लावतात, आणि गांधीजींनीं तो टाळला हें योग्यच केलें. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला. लोकांनीं मात्र ‘क्विट’ फारसा उचलला नाहीं. त्यांच्या तोंडीं ‘चले जाव’ आलें, म्हणजे पुन्हां आपल्याच वळणाचें, दोन क्रियापदांचें जोडकाम.

महिन्याभरानें, ९ सप्टेंबर रोजीं, नंदुरबारांत मुलांची मिरवणूक निघाली. पोलिसांनीं वाट अडविली. माघारी कोणीं जावयाचें, एवढाच खरा प्रश्न त्या रस्त्यावर होता. गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हीं पांच मुलें गेलीं. शिरीषकुमाराचें वय अवघें पंधरा वर्षांचें. घरची भाषा गुजराती, गांवची अहिराणी-मराठी, आणि ज्यास जावयास सांगावयाचें त्याची इंग्रजी.

सायमन कमिशनांत क्लेमंट ॲटली नांवाचे एक मजूरपक्षीय सभासद होते. १९२८ सालीं काळीं निशाणें त्यांच्याहीपुढें फडकलीं होतीं. १९४५ सालीं ते मुख्य प्रधान झाले, आणि इंग्रज हिंदुस्थान सोडणार हें २० फेब्रुवारी १९४७ रोजीं त्यांनींच जाहीर केलें. शेवटची ब्रिटिश पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाखालून बोटीवर चढली.