उकडा तांदूळ

उकडा तांदूळ : भात टरफलासह भिजवून, उकडून व वाळवून नंतर टरफल काढले असता मिळणारा तांदूळ. न उकडता तयार केलेल्या तांदळास कोकणात सुरय तांदूळ म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील (१ मे १९८१ पूर्वी रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग) मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनारी तालुक्यांत व लगतच्या गोव्यात उकडा तांदूळ हे नित्याचे अन्न असून सकाळची पेज प्रामुख्याने त्याचीच करतात. घावन, मोदक इ. पदार्थांसाठी सुरय तांदूळ वापरतात.

कृती व गुणधर्म : पारंपरिक रीतीत भिजवलेले भात मोठ्या हंड्यात उकडून अंगणात वाळवीत, घिरटावर भरडीत व उखळात सडीत. उकडल्याने दाणा चिवट होतो, सडताना कमी तुटतो व साठवणीत कीड कमी लागते. तांदळातील ब-१ जीवनसत्त्व (थायामीन) मुख्यत्वे कोंड्यात व अंकुरात असते. ते पाण्यात विरघळणारे असल्याने भिजताना व उकडताना दाण्याच्या गाभ्यात उतरते आणि दाणा पॉलिश केला, तरी बव्हंशी टिकते. भारतीय अन्नपदार्थांच्या कोष्टकांनुसार गिरणीतील सुरय तांदळाच्या १०० ग्रॅ. मध्ये थायामीन सु. ०·०६ मिग्रॅ., तर गिरणीतीलच उकड्या तांदळात सु. ०·२१ मिग्रॅ. असते. पेजेत शिजवलेले पाणी फेकले जात नाही, हाही एक लाभ होय.

इतिहास : या प्रथेचे आरोग्यदृष्ट्या महत्त्व बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासातून उघड झाले. वाफेच्या गिरण्यांचा प्रसार झाल्यावर पांढराशुभ्र तांदूळ स्वस्त झाला आणि आग्नेय आशियात मजूर, कैदी व सैनिक यांच्यात या रोगाने अनेक बळी घेतले. जावा बेटात क्रिस्तीआन आइकमान यांनी १८९० नंतरच्या दशकात पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांत तत्सम विकार होतो व कोंड्याने तो बरा होतो, असे दाखविले. त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मलायात सुरय तांदूळ खाणाऱ्या चिनी मजुरांत बेरीबेरी पसरे. मात्र भारतीय रीतीचा उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर तिच्यापासून बहुतांशी मुक्त राहत. विल्यम फ्लेचर यांनी १९०५-०६ मध्ये क्वालालुंपुर येथील मनोरुग्णालयात दोन गटांना हे दोन प्रकारचे तांदूळ देऊन हाच निष्कर्ष काढला. भारतात कुन्नूर येथे १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीच्या अन्वेषणासाठी सुरू केलेल्या विभागातूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उदयास आली. मद्रास इलाख्याच्या उत्तरेकडील तेलुगू किनारपट्टीत, जेथे गिरणीचा सुरय तांदूळ खात, तेथे हा रोग आढळे. उकडा तांदूळ खाणाऱ्या प्रदेशांत तो विरळ असे.

मर्यादा : उकडण्याने लोह, जस्त व कॅल्शियम वाढत नाहीत. त्यांची उणीव कोकणात मासळी, लाल तांदूळ व वरकस जमिनीतील नाचणी यांनी काही अंशी भरून निघे. नाचणीच्या १०० ग्रॅ. मध्ये कॅल्शियम सु. ३४४ मिग्रॅ. असते, गिरणीच्या तांदळात ते सु. १० मिग्रॅ. एवढेच असते. लाल तांदळाचा रंग बाह्य आवरणात असतो. पॉलिश केल्यास रंगाबरोबर त्यातील पोषणद्रव्येही बव्हंशी निघून जातात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या, अधिक उत्पन्नाचे पांढरे वाण व शिधावाटप दुकानांतील तांदूळ यांमुळे लाल भात मागे पडले. डोंगरउतारांवर आंबा-काजूच्या बागा वाढल्या आणि नाचणीचे क्षेत्र घटले. मासळी विकत घेणे ज्यांना परवडत नाही, त्या कुटुंबांना या बदलाची झळ अधिक बसते. कारण त्यांच्या आहाराचा मोठा भाग धान्याचाच असतो.

आधुनिक प्रयत्न : पिकांच्या दाण्यातच लोह, जस्त इत्यादींचे प्रमाण पैदाशीने वाढविण्याच्या कार्यक्रमास २००३ पासून आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. महाराष्ट्रात धनशक्ती ही लोहयुक्त बाजरी (२०१२) व परभणी शक्ती ही लोह-जस्तयुक्त ज्वारी (२०१८) प्रसारित झाली; तथापि ही पिके कोकणच्या अतिवृष्टीस मानवणारी नाहीत. जस्तयुक्त भाताचा डीआरआर धान ४५ हा वाण २०१६ मध्ये अधिसूचित झाला. कोकणासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिरगाव (जि. रत्नागिरी) येथील केंद्राने रत्नागिरी-७ हा लाल तांदळाचा वाण विकसित केला आहे, विद्यापीठाने नाचणीचेही सुधारित वाण दिले आहेत. अशा वाणांचा लाभ केवळ बियाण्यावर अवलंबून नसतो. दाणा किती सडला जातो, तो कसा शिजविला जातो आणि तो गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचतो की केवळ शहरी बाजारात चढ्या भावाने विकला जातो, यांवर तो ठरतो. उकड्या तांदळाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्याचे पोषणमूल्य रोजच्या, स्वस्त व सर्वांच्या घरी होणाऱ्या कृतीत होते.