पुरुषांची समतावादी चळवळ

स्त्री-पुरुष समतेसाठी पुरुषांनी पुरुषांमध्येच केलेले संघटित काम. ‘पुरुष हक्क’ या नावाने चालणाऱ्या मोहिमांशी तिची गल्लत होते. त्या मोहिमांचा रोख बहुतेक वेळा १९८३ साली तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत आलेल्या, विवाहितेच्या सासरी होणाऱ्या छळाविरुद्धच्या ४९८-अ कलमावर असतो. समतावादी चळवळ प्रश्न विचारते तो पुरुषाच्या स्वतःच्या वागण्याला.

तिचा धागा जुना आहे, आणि तो विदर्भातून जातो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधावर (१८८२) टीकेची झोड उठली, तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकातून त्यांची बाजू घेतली. पुरुषाने पुरुषांना जाब विचारण्याचे मराठीतले हे ठळक उदाहरण. पुढे र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले.

संघटित रूप आले ते १९९१ नंतर. पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी ‘बायको मारण्यासाठी नसते’ असे मानणाऱ्या पुरुषांना वृत्तपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून साद घातली. २०५ जणांनी उत्तरे पाठवली. त्यातून १९९३ मध्ये मुंबईत ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ म्हणजे ‘मावा’ उभी राहिली. हरीश सदानी हे तिचे एक संस्थापक. ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक आणि महाविद्यालयीन तरुणांशी संवाद हे तिचे मुख्य काम. पुण्यात विद्या बाळ यांच्या नारी समता मंचानेही पुरुषांसाठी संवाद केंद्र सुरू केले. स्त्री चळवळीच्या अंगणातच हे काम वाढले, आणि ते तिथेच राहायला हवे.

या चळवळीची गरज पुरुषांनाही आहे. २०२१ मध्ये देशात नोंदलेल्या १,६४,०३३ आत्महत्यांपैकी १,१८,९७९ पुरुषांच्या होत्या. कर्ज, आजार, घरातली भांडणे अशी कारणे अनेक. पण ‘पुरुषाने रडायचे नसते’ हे लहानपणापासून ऐकलेला माणूस मदत मागायला उशीर करतो.

खेड्यातले एक उदाहरण घ्या. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीच्या परिसरात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामाची बंदी होती. २०१९ च्या अधिसूचनेने तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापकीय कामांसाठी ती सैल केली. तेव्हा अट होती लेखी संमतीची आणि दिवसपाळीची. पण पाळीवर गेलेल्या बाईच्या घरी चूल कोण पेटवणार? २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ त्यात जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७. त्यातही बहुतेक पुरुष हे काम करतच नाहीत. हा हिशेब महिला मंडळाच्या बैठकीत अनेकदा मांडून झाला आहे. तो पानठेल्यावर आणि खाणीच्या फाटकाशी पुरुषांनी आपसात मांडणे, हे या चळवळीचे खेड्यातले पहिले काम ठरते.