हिरकणीचा कडा आणि हिरकणीची वाडी

पडद्यावर पाहिलेली जागा प्रत्यक्ष बघायला गेलं की तिथला इतिहास आपल्याला कितपत दिसतो, हा आजचा विषय आहे. त्यासाठी आपण एकच ठिकाण नीट बघणार आहोत: महाड तालुक्यातली, रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी.

२०१९ साली प्रसाद ओक यांनी दिग्दर्शित केलेला ‘हिरकणी’ हा चित्रपट आला. सोनाली कुलकर्णी त्यात हिरकणी झाल्या. गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घराघरांत होती. एसटीच्या निमआराम गाडीला हिरकणी म्हणतात, बसस्थानकात बाळाला अंगावर पाजायची खोली असते तिला हिरकणी कक्ष म्हणतात. चित्रपटाने या गोष्टीला अंधार, उंची आणि धाप दिली. त्यामुळे आता गडावर येणारी माणसं हिरकणी बुरुजावर उभी राहून खाली वाकून बघतात आणि विचारतात, ‘ती इथूनच उतरली का हो?’

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर मात्र टप्प्याटप्प्याने द्यावं लागतं.

आधी गोष्ट. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागरीचा दिवस, सांज झाली आणि दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ. पहारेकरी ऐकेनात, तेव्हा ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधून वाट बंद केली. ही कथा आपल्याकडे तोंडी परंपरेने आली आहे. महाराजांच्या निधनानंतर चौदा वर्षांनी, १६९४ साली सभासदाने बखर लिहिली. तिच्यात हिरकणी नाही. म्हणजे अभ्यासक म्हणून आपण ‘असं घडलं’ असं लिहू शकत नाही, ‘असं सांगतात’ एवढंच लिहू शकतो.

आता बुरूज. गंगासागर तलावाकडून पश्चिमेला एक चिंचोळी वाट जाते, तिच्या टोकाला हा बुरूज आहे. तिथे उभं राहिलं की एका बाजूला गांधारी नदीचं खोरं दिसतं, दुसऱ्या बाजूला पाचाड, खुबलढा बुरूज आणि मशीद मोर्चा. म्हणजे गडाकडे येणारी वाट या टोकावरून तोफेच्या माऱ्यात येते. कुणी कडा उतरलं नसतं तरी गड बांधणाऱ्याने ही जागा मोकळी सोडली नसती. बुरूज का आहे, याचं उत्तर भूगोल देतो. त्याचं नाव हिरकणी का, याचं उत्तर लोकांनी दिलं.

आणि लोकांनी हेच उत्तर का दिलं, हा आमच्या मते इतिहासाचा खरा प्रश्न आहे.

१६७४ नंतर रायगड ही राजधानी होती. दरबार, शिबंदी, कारकून, हत्ती-घोडे. एवढ्या माणसांना आणि जनावरांना दूध, भाजी, सरपण, वैरण रोज लागणार, आणि ते डोंगरमाथ्यावर पिकत नाही. ते खालच्या गावांतून, वाड्यांतून माणसांच्या डोक्यावर चढत होतं. याची एक साक्ष लिखित आहे. राज्याभिषेकासाठी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. त्या वकिलातीची हकिकत जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात आहे. तिच्यात एक म्हातारा खाटीक भेटतो. इंग्रजांनी त्या मुक्कामात इतकं मटण खाल्लं की तेवढं त्याने आधीच्या काही वर्षांत विकलं नव्हतं. असली गिऱ्हाइकं आहेत तरी कशी, हे बघायला तो म्हातारा गड चढून वर गेला!

गंमत म्हणून ही गोष्ट सांगतात, पण जरा थांबून बघा. त्या खाटकाचं नाव कुणी लिहिलं नाही. दूध घालणाऱ्या बायकांचीही नावं कुणी लिहिली नाहीत. जे कागदावर आलं नाही ते खालच्या वस्त्यांनी एका नावात साठवून ठेवलं. हिरकणी नावाची एक बाई होती की नव्हती, हे सिद्ध करता येत नाही. पण सूर्य मावळायच्या आत ज्यांना गड उतरावाच लागे, अशा बायका असणारच.

पडद्यामुळे जागेचा इतिहास झाकला जातो असंही होतं. वाईजवळचं मेणवली घ्या. ‘स्वदेस’ (२००४) मधलं चरणपूर कथेत उत्तर प्रदेशात आहे, पण पडद्यावर दिसतो तो मेणवलीचा, कृष्णेकाठचा नाना फडणवीसांचा घाट. तिथे १७०७ सालची घंटा टांगलेली आहे, चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली. ‘शूटिंग कुठं झालं?’ एवढंच विचारून परतणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते. हिरकणीवाडीत सुटते ती वाडीच.

१९९६ पासून रोपवेचं खालचं स्थानक याच वाडीत आहे. हजाराहून जास्त पायऱ्यांचा चढ काही मिनिटांवर आला. पाहुणा वाडीत उतरतो आणि वाडी न बघताच वर जातो. गडावर आजही आसपासच्या बायका ताक, दही, लिंबूसरबत विकायला बसतात. हे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्याच व्यवहाराचं आजचं रूप आहे. आणि जो कडा पडद्यावर थरार म्हणून दिसतो, त्याच्या खाली राहणाऱ्यांना पावसाळा वेगळा असतो. २२ जुलै २०२१ ला याच महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली, ते आपण विसरलेलो नाही.

जुलै २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्या नोंदीत शब्द आहे ‘लष्करी भूप्रदेश’. भूप्रदेश म्हटलं की तटाच्या खालची जमीनही आली. मग आराखडे करताना बुरुजाच्या डागडुजीबरोबर पायथ्याच्या वस्तीची सुरक्षितता आणि तिची रोजची कमाई यांचाही विचार व्हायला हवा. वर बसून ताक विकणाऱ्या बाईला तिथून उठवायचं आणि तिच्याच पूर्वजांच्या कथेचा फलक लावायचा, असं होता कामा नये.

तेव्हा चित्रपट बघून जरूर जा. बुरुजावरून कडा बघा, पण खोरं, पाचाड आणि खालची कौलंही बघा. जमलं तर एकदा तरी पायऱ्यांनी चढा, म्हणजे डोक्यावर ओझं घेऊन रोज चढणं काय असेल याचा अंदाज येईल. आणि परतताना वाडीत थोडं थांबा. तिथली वडीलधारी माणसं गोष्ट कशी सांगतात ते ऐका, त्यांना विचारून लिहून घ्या. गडाच्या दप्तरात जे राहून गेलं, त्याची नोंद करायचं काम अजून आपल्याकडेच आहे.

इथे थांबू या.