मोडण्याची मुभा

घरच्या घरी विज्ञानाचे प्रयोग करण्याच्या रंगीत पेट्या आज खेळण्यांच्या दुकानांत रचून ठेवलेल्या दिसतात. त्यामुळे हा प्रकार म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांचा छंद, असा समज सहज होतो. पेटीलाही तिचा इतिहास आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या ए. सी. गिल्बर्ट कंपनीनं मुलांसाठी अणुऊर्जेची पेटी बाजारात आणली होती. तिच्यात युरेनियमचं खरंखुरं खनिज होतं आणि किंमत होती ४९.५० डॉलर. ती फार दिवस टिकली नाही, हे बरंच झालं म्हणायचं. पण घरच्या प्रयोगांची मुख्य वाट या पेट्यांतून आलेली नाही. ती टंचाईतून आली आहे, आणि टंचाईनं मुलाच्या हाती जे दिलं ते महागड्या पेटीला देता येत नाही: वस्तू बिघडवण्याची मुभा.

लंडनमध्ये पुस्तकबांधणीचं काम शिकणाऱ्या मायकेल फॅरडेच्या हाती जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्रावरचं संवादरूप पुस्तक बांधणीच्या निमित्तानं आलं. त्यातल्या गोष्टी त्यानं खिशाला परवडतील अशा लहानसहान प्रयोगांनी पडताळून पाहिल्या. पण ती एकट्यादुकट्याची धडपड होती. तिला पद्धतीचं रूप आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. बाँबहल्ल्यांत प्रयोगशाळा गमावलेल्या देशांतल्या शिक्षकांसाठी जे. पी. स्टीफन्सन यांनी लिहिलेली पुस्तिका युनेस्कोनं १९४८ मध्ये काढली. डबे, बाटल्या, तारा यांतून उपकरणं कशी उभी करायची, हा तिचा विषय. तिचाच विस्तार होऊन १९५६ मध्ये युनेस्कोचं विज्ञान शिक्षणाचं जाडजूड साधनपुस्तक निघालं आणि अनेक भाषांत गेलं. आपल्याकडे १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, सहावी ते आठवीच्या १६ शाळांत प्रयोगांवर आधारलेलं शिक्षण सुरू केलं. पुण्याच्या टेल्कोतले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले आणि बाजारात मिळणाऱ्या दोन क्षुल्लक वस्तूंची त्यांनी जोडी जमवली: काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी. नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, काड्यांचा गुल खरवडून टाकायचा आणि तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसायची. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच तिरका होतो. पत्र्याच्या छपराखालची कैची त्रिकोणांचीच का असते, हे मुलाला इथे हाताला कळतं. काडी मोडली तर दुसरी घ्यायची. कुणी ओरडत नाही. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून गुप्तांनी अशी असंख्य खेळणी चित्रफितींसह सर्वांना फुकट खुली केली.

यावर एक आक्षेप नेहमीचा आणि रास्त आहे: घरी शिकवणाऱ्याला स्वतःलाच कारण ठाऊक नसेल तर मूल चुकीचं विज्ञान शिकेल. उदाहरणही ठरलेलं आहे. ताटलीत पाणी घालून मधोमध पेटती मेणबत्ती उभी करतात आणि तिच्यावर पेला पालथा घालतात. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं. मग मुलाला सांगितलं जातं की ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली. हे कित्येक पुस्तकांतही छापलेलं आहे आणि ते बव्हंशी चूक आहे. पेला घालताना आतली हवा तापून फुगलेली असते, तिच्यातली काही कडेनं बुडबुडे होऊन निसटते आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवून आकसते. पाणी चढतं ते मुख्यतः त्यामुळे. पण ही चूक पकडायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याच पेल्याखाली एकीऐवजी तीन मेणबत्त्या ठेवा, पाणी जास्त चढतं. पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच होता. मूल हे विचारतं ते प्रयोग पुन्हा, थोडा बदलून करता येतो म्हणून. एकदाच वापरायच्या पुड्यांची पेटी असती तर प्रश्न तिथेच मिटला असता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काड्या आणि रबर यांचं इतकं कौतुक झालं की शाळांना प्रयोगशाळा न देण्याची सोय होते. टंचाईचा गौरव करणारे ही गोष्ट विसरतात, हे खरं. पण होशंगाबादचा इतिहास त्यांच्या बाजूनं उभा राहत नाही. तिथे वस्तू स्वस्त असल्या तरी व्यवस्था स्वस्त नव्हती. शाळांना साहित्याचे संच मिळत, शिक्षकांचं प्रशिक्षण होई, दर महिन्याला त्यांच्या बैठका भरत, आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसता येई. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला. २००२ मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला, तो काही काडेपेट्या महागल्या म्हणून नव्हे. तिथले प्रयोग आज घराघरांत होतात. शिक्षकांची ती मासिक बैठक आणि ती परीक्षा मात्र कोणत्याही आईबापांना स्वयंपाकघरात भरवता येत नाही.