सरकारी पुरवठ्याचं काम घ्यायचंय? आधी 'उद्यम' नोंदणी करा

शिवणकाम, फर्निचर, छपाई, मसाला कांडप करणाऱ्यांनाही सरकारी पुरवठ्याचं काम मिळतं. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाईल जवळ ठेवा. नोंदणी ऑनलाईन होते, फी शून्य. माझ्याकडून मात्र एका एजंटाने पंधराशे उकळले होते.

२०१२ च्या धोरणानुसार केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. टेंडर फॉर्म मोफत, अनामत माफ. ही खरेदी बरीचशी 'जेम' पोर्टलवर चालते, तिथंही नाव नोंदवा. पण सवलत स्वतः माल बनवणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही, अन् रस्ता-गटाराच्या ठेक्यालाही नाही. ग्रामपंचायतीच्या कामाला हे धोरण आपोआप लागत नाही, टेंडरच्या अटी वाचूनच घ्या.

खरी रडारड बिलाची. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, असा कायदा आहे. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज. तक्रार ऑनलाईन होते. अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. माल दिल्याची सही-शिक्क्याची पोच तेवढी जपून ठेवा, पहिल्यांदा तीच मागतात.