तापास: झाकणाखालचा इतिहास

मंडळी, या विकांताचा विषय खादाडीचा आहे. पाककृती मात्र मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो. :-)

हल्ली आपल्या शहरांत 'स्मॉल प्लेट्स'वाली हाटेलं बरीच दिसतात. चार-चार घासांच्या बशा टेबलाच्या मध्ये येतात, ज्याने त्याने उचलायचं, आणि गोंगाट इतका की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. बशा वाटून खाण्याची रीत अनेक देशांत आहे, पण बारमधल्या या प्रकाराचं सगळ्यात गाजलेलं घराणं स्पेनचं. तिथलं नाव तापास. स्पॅनिशमध्ये 'तापा' म्हणजे झाकण. आता खायच्या वस्तूला झाकण का म्हणावं?

इथे लगेच दोन राजे हजर होतात. पहिला तेराव्या शतकातला आल्फोन्सो दहावा. तो आजारी पडला, वाइनसोबत थोडं थोडं खाऊन बरा झाला, आणि मग त्याने हुकूम काढला की खाण्याशिवाय कुणी वाइन विकू नये. दुसरा आल्फोन्सो तेरावा, ज्याची राजवट 1931 मध्ये संपली. तो कादिझजवळ समुद्राकाठच्या एका खानावळीत थांबला असताना वाऱ्याने वाळू उडायला लागली, म्हणून वाढप्याने पेल्यावर हॅमची चकती झाकण म्हणून ठेवली. राजाने वाइन प्यायली, झाकण खाल्लं आणि म्हणाला, अजून एक आण, झाकणासकट!

गोष्टी छान आहेत, पण मला दोन्ही पटत नाहीत. एकाच पदार्थाचे दोन जनक, आणि त्यांच्यात सहाशे वर्षांचं अंतर. आपल्याकडेही एखाद्या जुन्या पदार्थामागे कुणीतरी पेशवा उभा करतातच की. स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात खाण्याच्या अर्थाने 'तापा' आला तो थेट 1936 च्या आवृत्तीत, तोही अंदालुसिया प्रांतातला शब्द म्हणून. अर्थ काय, तर गुत्त्यात वाइनच्या पेल्यावर ठेवून देतात ती हॅमची किंवा सॉसेजची पातळ चकती. म्हणजे झाकण होतं हे खरं. पण माशा आणि धूळ अडवायला राजा कशाला लागतो? शिवाय चकती खारट. खारट खाल्लं की तहान लागते, आणि तहान लागली की दुसरा पेला. थोडक्यात, आपला चखणा.

मात्र शब्द नवा म्हणून पद्धत नवी असं नाही. तिचा माझा सगळ्यात आवडता पुरावा 'दोन किहोते'च्या दुसऱ्या भागात आहे, म्हणजे 1615 चा. सांचो पांझाला वाटेत परदेशी यात्रेकरूंचा एक घोळका भेटतो. त्यातला एकजण त्याला मिठी मारतो. तो निघतो त्याच्याच गावातला दुकानदार, रिकोते. हा मोरिस्को, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांचा वंशज. स्पेनने 1609 ते 1614 या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढलं होतं. रिकोते वेष पालटून चोरून परत आलाय. पकडला गेला तर संपलाच.

मग ही मंडळी गवतावर पसरतात. पाव, मीठ, अक्रोड, चीज, ऑलिव्ह, माशाच्या अंड्यांचं कॅव्हियार आणि चोखण्यापुरती उरलेली हॅमची हाडं. प्रत्येक गोष्टीतलं अगदी थोडं थोडं, सुरीच्या टोकावर घेऊन, चवीचवीने. सोबत वाइनच्या पिशव्या. ज्या देशात डुकराचं मांस खाणं हा 'आपला' असल्याचा पुरावा मानला जायचा, तिथे हाकलून दिलेल्या माणसाच्या पंगतीत ती हाडं आहेत. खाणं झाल्यावर रिकोते आपलं पुरलेलं धन काढायला सांचोची मदत मागतो. सांचो नाही म्हणतो, पण तुझं नाव सांगणार नाही असा शब्द देतो. राजांच्या दोन्ही गोष्टी एका पारड्यात टाका, मला हे जेवण जड वाटतं.

आता विसाव्या शतकात या. यादवी युद्ध 1939 मध्ये संपलं आणि फ्रँकोची राजवट सुरू झाली. रेशनकार्डं 1952 पर्यंत होती. भूक आणि तिच्या जोडीने आलेले आजार यांनी त्या काळात दोन लाख माणसं गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आज प्रत्येक तापास बारमध्ये तोर्तिया म्हणजे अंडं-बटाट्याचा जाड पोळा मिळतो. (त्यांचा 'पाताता' आणि पोर्तुगीजांकडून आलेला आपला 'बटाटा', दोन्ही अमेरिकेतून आलेली भावंडं.) पण 1941 मध्ये छापलेल्या इग्नासी दोमेनेक या आचाऱ्याच्या पुस्तकात अंडं आणि बटाटा दोन्ही नसलेला तोर्तिया आहे! बटाट्याच्या जागी संत्र्याच्या सालीखालचा पांढरा भाग, अंड्याच्या जागी पीठ-पाण्याचा घोळ.

राजकारण बशीतही उतरलं. रशियन सॅलड हा बारमधला आवडता पदार्थ. पण सोव्हिएत रशिया विरुद्ध बाजूला, म्हणून फ्रँकोच्या लोकांनी त्याचं नामकरण केलं 'राष्ट्रीय सॅलड'. बटाटे तेच, मेयोनीज तेच. आज ते पुन्हा रशियन आहे.

त्याच दशकात उत्तरेला सान सेबास्तियानमधल्या कासा वायेस बारमध्ये एका काडीवर ऑलिव्ह, लोणच्यातली मिरची आणि खारवलेला अँचोव्ही मासा टोचला जाऊ लागला. नाव पडलं 'गिल्डा', रिटा हेवर्थच्या 1946 च्या सिनेमावरून. का, तर दोघीही खारट, तिखट आणि हिरव्या. स्पॅनिशमध्ये हिरवा म्हणजे चावटसुद्धा. आपल्या 'हिरवट म्हाताऱ्या'तला हिरवट, अगदी तोच! सेन्सॉरची कात्री सिनेमावर चालत होती, काडीवर कशी चालणार?

पुढे पर्यटक आले. 1960 मध्ये साधारण साठ लाख, 1973 मध्ये सुमारे साडेतीन कोटी. त्यांच्यासोबत तापास बाहेर गेलं. होसे आंद्रेसने 1993 मध्ये वॉशिंग्टनमध्ये 'हालेओ' उघडलं आणि अमेरिकेत ही फॅशन रुजायला मोठा हातभार लागला. तिथून ती आपल्यापर्यंत यायला कितीसा वेळ?

फक्त प्रवासात एक गोष्ट उलटी झाली. मागे आमच्या टीमची पार्टी अशाच एका हाटेलात होती. बिल वाटून भरायचं ठरलेलं. बशा येत होत्या, पनीरचे पाच तुकडे आणि आम्ही आठजण. नुकताच नोकरीला लागलेला एक पोरगा दर बशीला मनातल्या मनात भागाकार करतोय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो फार कमी उचलत होता. बशी लहान होती, पण त्या पोराला परवडावं म्हणून ती लहान नव्हती.

सेव्हिलमध्ये 'एल रिंकोनसियो' नावाचा बार आहे, 1670 पासूनचा. तिथे तुमचा हिशोब खडूने समोरच्या लाकडी फळीवरच लिहितात. ग्रानादामध्ये तर आजही पेल्यासोबत एक तापा फुकट येतो. एका पेल्याच्या पैशात तासभर माणसांत उभं राहायचं, हाकलणारं कुणी नाही. मला विचाराल तर बशीच्या लहानपणाचं खरं कारण हेच. खिशात थोडं असलं तरी घोळक्यात जागा मिळावी.

आपल्याकडे हे काम चहाच्या टपरीने आणि इराण्याच्या बनमस्क्याने केलं. तुमच्या शहरात अशी एखादी जागा अजून टिकून असेल तर जरूर कळवा. येतोच.