राजीनाम्याचा कागद

मागच्या आठवड्यात इथल्याच, पुलगावच्या एका तरुणाचा मला फोन आला. पुण्यात नोकरीला आहे, ती सोडायची आहे. म्हणाला, ‘सर, राजीनाम्याचा मेल कसा लिहू? साहेबानं दोन वर्षं काय काय केलं ते सगळं लिहूनच टाकतो.’ मी म्हटलं, बाबा रे, आज पाठवू नकोस. शनिवारी गावी येणारच आहेस, तर व्याख्यानाला ये. आलाय की नाही माहीत नाही. विषय मात्र त्याचाच घेतलाय.

आधी शब्द बघू. राजीनामा हा फारसीतून आलेला शब्द. राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. मुंबई इलाख्याच्या महसूल दफ्तरात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून द्यायचा आणि ती घेणारा कबुलायत. दोन कागद जोडीनं चालायचे. सोडणाऱ्याच्या मागं कुणीतरी ते काम उचलणारा असतो, हे त्या व्यवहारात धरलेलंच होतं.

आता १९५१ साली या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री. हिंदू कोड बिलावर त्यांनी किती वर्षं घातली होती! शेवटी तडजोड म्हणून विवाह आणि घटस्फोट एवढाच भाग मंजूर करून घ्यावा असं ठरलं, तर तोही सप्टेंबरात बाजूला ठेवला गेला. २७ सप्टेंबरला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. माणूस किती दुखावलेला असेल, विचार करा. पण पत्र आटोपशीर आहे. बऱ्याच दिवसांपासून मनात होतं, विधेयक होईल या आशेवर थांबलो, आता थांबण्यात अर्थ उरला नाही, इतकं कारण. आणि पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ते म्हणतात, राजीनामा लगेच अमलात यावा असं वाटतं, पण माझ्या नावावरची काही विधेयकं आणि ठराव अपुरे आहेत. ते हातावेगळे होईपर्यंत थांबतो, मात्र अनिश्चित काळ थांबता येणार नाही, म्हणून ते आधी घ्या. आजच्या भाषेत हाच नोटीस पिरियड आणि हेच हँडओव्हर.

मग तक्रारी गिळल्या का? अजिबात नाही. ऑक्टोबरमध्ये ते संसदेत निवेदन करायला उभे राहिले. उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी मागितली, तेव्हा ते सभागृहातून बाहेर पडले आणि मजकूर वर्तमानपत्रांना दिला. नियोजनाचं खातं मिळालं नाही, अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, हिंदू कोड, सगळं त्यात आहे, आणि धारदार आहे. पत्राचं काम पत्रानं केलं, हिशेबाचं काम निवेदनानं. त्या तरुणाला मी एवढंच सांगेन: मेलमध्ये शेवटचा दिवस लिही, हातातली कामं कुणाला समजावून देणार ते लिही, आभार खरे वाटत असतील तेवढेच मान. साहेबांबद्दलचं बोलणं समोर बसून कर.

उलट उदाहरणही आपल्याकडे आहे. १८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, तेव्हा कारणांचं लांबलचक टिपणच दिलं. आजीव सदस्यांनी बाहेरची कमाई करावी की नाही, हा मुख्य वाद. अभ्यासकाला ते टिपण म्हणजे पर्वणी, मी स्वतः त्यावर दिवसच्या दिवस घालवलेत. पण आयुष्याचं ध्येय मानलेली संस्था सोडणाऱ्या माणसाची ती कैफियत आहे. दोन वर्षांच्या नोकरीला तो नमुना घेऊ नये.

आणि आपल्या जिल्ह्याला विसरून कसं चालेल? १७ सप्टेंबर १९३४ ला गांधीजींनी काँग्रेस सोडण्याचा विचार जाहीर केला तो वर्ध्याहून, इथून गाडीनं फार तर अर्ध्या-पाऊण तासावर. लगेच निघाले नाहीत. मतभेद कुठं आहेत ते उघड मांडलं, लोकांना विचाराला वेळ दिला आणि ऑक्टोबरअखेर मुंबईचं अधिवेशन पार पडल्यावर बाहेर पडले. त्याच अधिवेशनात ग्रामोद्योग संघाचा ठराव झाला, त्याचं काम मगनवाडीत सुरू झालं. काँग्रेसची माणसं सल्ल्याला येतच राहिली. जुलै १९४२ मध्ये इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव कार्यकारिणीनं केला तोही वर्ध्यालाच, आणि तेव्हा गांधीजी काँग्रेसचे चार आण्यांचे सभासदसुद्धा नव्हते.